गोठ्यातल्या कंदिलाची जाळी

फुलसावंगी
१६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. शीला हिस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मी थोरली जाऊ आहे, रीत सोडत नाही.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू बोलतं, मी बोलतो, अन् दुसऱ्या दिवशी तू म्हणतं, ‘जाऊबाई, मी असं म्हटलंच नव्हतं.’ आता कागदावरच राहू दे.

तुझ्या भावाच्या पोरीनं, आमच्या सूनबाईनं, रविवारी दिवेलागणीले आमच्या गोठ्यातला कंदील फोडला. तोच कंदील, जो तू तिथूनच जुना रॉकेलचा म्हणून नेला, आतमंधी बॅटरीचा दिवा बसवला अन् पोळ्याले परत पाठवला. वरून तुझ्या बचत गटाची ती तारेची जाळी. तवा चिठ्ठीत काय लिहिलं होतं तू? ‘यातून वासराचं शिंगही आत जाणार नाही.’ शिंग नाही गेलं, बरोबर आहे. काच गेली निशिगंधाच्या तळहातात. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. पुसदले ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणते बोटं मिटतील तर मिटतील.

कशानं झालं ते पण ऐक. पोरीले दिवाळीच्या आधी माहेरी जायचं होतं. मी म्हटलं, सोयाबीन घरात येऊ दे, मंग जा. तोंड फुगवलं. गोठ्यात गेली अन् कंदील आपटला. ऐन लक्ष्मीच्या वेळेले दिवा फोडला. आता गावातल्या बाया विचारून राह्यल्या, काय सांगू मी त्यायले? तिचा बाप आला अन् झरीले घेऊन गेला. दिवाळी तिकडंच करू दे. पुढचं पुढं पाहू. आमच्या ऋतिकले, तिच्या नवऱ्यालेही, तेच सांगतलं.

तुझी जाळी युरियाच्या रिकाम्या पोत्यात बांधून एसटीनं पाठवली आहे. जाळी करणारीच्या घरीच शोभते ती.

तानाबाई


दारव्हा
२५ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. जाऊबाईंस शीलाचा शि. सा. नमस्कार.

दिवाळीत पत्र टाकून तुमचा सण खराब करू नये म्हणून भाऊबीज होईपर्यंत थांबले. तुमचं पत्र आणि पोतं दोन्ही पोचलं.

पोतं देवघरासमोर सोडलं. जाळी हातात घेतली आणि पाहतच राहिले. जाऊबाई, वरची कडी गोल आहे. खालची कडी गोल आहे. उभ्या बारा तारांपैकी एक वाकलेली नाही. रंगाचा टवकासुद्धा उडालेला नाही. आपटलेल्या कंदिलाची जाळी अशी राहते?

मी आमच्याकडची दुसरी जाळी तसल्याच जुन्या कंदिलावर चढवली. आपल्या घरी गोठ्यात खुंटी जितकी उंच आहे तितक्या उंचीवरून अंगणात सोडली. वरची कडी चेपली, काच शाबूत. दुसऱ्यांदा सोडली, तेच. तिसऱ्यांदा अंगात होता नव्हता तेवढा राग आणून आपटली, आणि राग तेव्हा पुष्कळ होता. काच फुटली, पण सगळे तुकडे जाळीच्या पोटात राहिले. मग निशिगंधाच्या तळहातात काच आली कुठून?

आणखी एक. पोत्याच्या तळाशी एक चिंधी होती. त्यात जाळीचे दोन्ही बोल्ट, दोन्ही नट, वायसरसकट, गाठ मारून. रागानं दिवा आपटणारी पोर आधी पाना आणून बोल्ट खोलते, चिंधीत बांधते आणि मग आपटते, असं तुमचं म्हणणं आहे का?

ती गाठ कोणाची आहे हे मी ओळखते. तुमच्या घरात मीही सात वर्षं राहिले आहे.

गट काढला तेव्हा ओसरीवर चार जणींसमोर तुम्ही म्हणाला होतात, ‘तारा वाकवून कोणाचं भलं झालं?’ मला वाटतं, ते शब्द खरे करून दाखवण्यासाठी जाळी तुम्ही काढून ठेवली. तसं असेल तर भांडण माझ्याशी करा. लेकरावर दिवा फोडल्याचा ठपका ठेवू नका. लग्न होऊन तिला दोन वर्षं झाली नाहीत, आणि गावानं एकदा तसं नाव ठेवलं की ते कोणी पुसत नाही.

मला काही नको. तिचं नाव साफ व्हावं आणि तिनं मानानं आपल्या घरी यावं, एवढंच.

शीला


फुलसावंगी
३ नोव्हेंबर २०२५

शीला,

आशीर्वाद यावेळी नाही.

मी जाळी काढून ठेवली, तुले खाली पाहायले लावायसाठी? इतकी मोठी झाली काय तू? माझ्यामागं बारा माणसांचं घर आहे, कापूस वेचणीले आला आहे, मजूर मिळून नाही राह्यले, अन् मी तुझ्या तारेचा डाव खेळत बसतो? देवासमोर पोतं सोडलं म्हणे! देव काय पंचनामा करते?

जाळी पोरीनंच काढली. काच पुसायले काढली असंन. लावायची राहिली असंन. हे आजकालच्या पोरींचं असंच आहे, एक काम धरतात अन् दुसरं सोडतात. पण तिचा तरी दोष कसा म्हणावा? तुझी जाळी माणसासाठी केली आहे का तिजोरीसाठी? दोन बोल्ट, त्यायले दहाचा पाना लागते, अन् पाना ऋतिकच्या ट्रॅक्टरच्या पेटीत. दर सांजेले कोण पाना धुंडत बसंन? जुन्या कंदिलाले दोन तारा आडव्या होत्या. साठ वर्षं त्यानं काम दिलं. तुले कोणी सांगतलं होतं सुधारणा करायले?

अन् तू सात वर्षं राहिली म्हणतं. सात वर्षांत एक दिवस तरी गोठ्यात दिवा घेऊन गेली काय? तुले शेणाचा वास येत होता. म्हणून तर दारव्ह्याले वेगळी निघाली.

निशिगंधाचं नाव काढायचं असंन तर तिच्या बापानं पत्र लिहावं. आत्यानं मधात पडू नये.

तानाबाई


दारव्हा
१४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. जाऊबाईंस शि. सा. नमस्कार.

नमस्कार मी सोडणार नाही. तो तुमच्या वयाला आहे.

मधात पडू नये म्हणालात, म्हणून मी थेट झरीला जाऊन आले. जाताना यवतमाळपर्यंत एसटी, पुढे दोन जीपा. दादाचं घर रस्त्यापासून आत आहे. निशिगंधा अंगणात बसून डाव्या हातानं ब्लाऊजचं हुक लावायचा प्रयत्न करत होती. मी लावून दिलं तर म्हणाली, ‘राहू दे आत्या, मले शिकावंच लागणार आहे.’

मी विचारलं, ‘जाळी कोणी काढली?’

‘आत्या, तू चहा घे.’

‘मी चहाला नाही आले.’

‘मंग जेवून जा.’

वहिनी आतून म्हणाली, ‘महिना झाला, आम्हालेही हेच सांगते. चहा घ्या, जेवून घ्या.’

तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी तुमची एकच ओळ तिला वाचून दाखवली, दर सांजेले कोण पाना धुंडत बसंन, ही. मी म्हटलं, ‘बेटा, काच तर आठवड्यातून एकदा पुसतात. दर सांजेला जाळी काढायचं काय काम असतं?’ तिनं मान खाली घातली. मग फार हळू म्हणाली, ‘तिकडं आई कंदिलाले हळदकुंकू लावल्याशिवाय गोठ्यात पाय ठेवत नाहीत. काचेले लावतात. बोट आत जात नव्हतं.’

एवढंच बोलली. तुमच्याविरुद्ध त्यापुढे एक अक्षर नाही. 

जाऊबाई, परतीच्या जीपमध्ये मला माझीच लाज वाटत होती, म्हणून हेही कागदावर राहू द्या. तुम्ही मला कमीपणा आणायला जाळी काढली असं मी लिहिलं, ते चूक होतं. आणि त्याहून मोठी चूक आधीच झाली होती. पोळ्याच्या आधी पहिली जाळी झाली तेव्हा आमच्या गटातली भुरीबाई, तांड्यावरची, तिनं ती हातात फिरवून विचारलं होतं, ‘शीलाबाई, दिवा लावताना बोट कुठून घालू?’ मी हसले. म्हटलं, ‘बॅटरीचा दिवा आहे, त्याला कसली पूजा? बटन दाब.’ मी स्वतः रोज समईला कुंकू लावते, आणि गोठ्यातल्या दिव्यालाही कोणी तेच करत असेल हे मला सुचलं नाही. शेणाच्या वासाचं तुम्ही म्हणालात, ते खरं धरा.

दारव्ह्यात दिलेल्या सगळ्या जाळ्या मी घरोघर जाऊन पाहिल्या. नऊ घरांपैकी सहा घरांत जाळी कंदिलावर नव्हतीच. एकीकडे ती कांदे ठेवायला होती. एकीकडे कोंबडीच्या पिल्लावर झाकलेली. विचारलं तर सगळ्यांचं एकच, ‘घट्ट आहे वं बाई, हात जात नाही.’ काढता येणार नाही इतकी मजबूत केली, म्हणून ती एकदा काढली की परत लागलीच नाही. सगळ्या परत आणल्या.

आता नवी केली आहे. समोरच्या दोन तारा मधून कापून तिथं दोन बोटं जातील एवढं दार दिलं, वरून कडीत अडकवलेलं, बोट काढलं की आपल्या वजनानं मिटणारं. पहिलं केलं ते कंदील उलटा झाला की उघडायचं. तेव्हा भुरीबाई म्हणाली, ‘आमच्या पायातल्या वाळ्याला दाबून बसणारी खीळ असते तशी द्या की.’ तशी दिली. काच पुसायला पूर्ण जाळी एका बाजूला कलते, पाना लागत नाही, पण कंदिलापासून सुटत नाही. खाली साखळी आहे. पाच वेळा आपटली. तुकडे बाहेर आले नाहीत. एक जाळी वेगळ्या पार्सलनं पाठवली आहे. तिला कसलीही अट नाही. गुरांना आपलं भांडण कळत नाही.

अट दुसऱ्या गोष्टीला आहे. जाळीची चूक माझी. ती मी गटातल्या बायांसमोर उभी राहून सांगितली, आणि भुरीबाईची माफी मागितली. पोरीनं रागानं दिवा आपटला, हे खोटं तुमचं; आपटणारीच्या तळहातात काच जात नाही. ते तुम्ही ज्यांना सांगितलं त्यांच्यासमोरच परत घ्यायचं. सासू म्हणून तुम्ही तिला घरी ‘ये’ म्हणाल आणि गाव तिला तसंच बोलत राहील, तर ते येणं नाही.

शीला


फुलसावंगी
२४ नोव्हेंबर २०२५

शीला,

तुझं पत्र चुलीत टाकलं.

व्हय, जाळी मी काढली. ऐकायचं होतं ना? चाळीस वर्षं झाली या घरात येऊन. सासूबाईंनी पहिल्या सांजेले माझ्या हातात कंदील दिला अन् म्हटलं, आधी त्याले कुंकू, मंग गुरायले उजेड. तवापासून एक सांज चुकली नाही. बाळंतपणात चुकली नाही, तवा सासूबाईंनी माझ्या नावानं लावलं. तुझी जाळी आली तवा दोन दिवस मी तारेले कुंकू लावलं. तारेले! जसं कोणाच्या बंद दारावर वाटीभर हळदकुंकू ठेवून यावं तसं वाटलं. तिसऱ्या दिवशी पाना आणून खोलली. एकदा लावली, दोनदा लावली, मंग खांद्याचं दुखणं परत उठलं अन् फळीवर ठेवून दिली. कोणाचं वाईट करायसाठी नाही ठेवली.

पण आता काय करू? गावाले एकदा सांगून बसली मी. लोकं घरी आले होते त्या सांजेले, तिच्या हातातून रक्त, मी घाबरली. चंदाबाईनं विचारलं, ‘कशानं फुटला?’ अन् माझ्या तोंडून निघालं, ‘हिनंच आपटला.’ निघालं ते निघालं. मागं घेतलं तर उद्या या घराचं कोण ऐकंन? साठीच्या बाईनं चारचौघींत म्हणावं काय, मी खोटी आहे? आमचे हे म्हणतात, गप राहा, दोन वर्षांत लोकं विसरतील.

पोरीले ऋतिक आणंन जानेवारीत. गुपचूप. त्यातच सगळ्यायचं भलं आहे. तू आता लिहू नको.

तानाबाई


दारव्हा
१ डिसेंबर २०२५

ती. स्व. जाऊबाईंस नमस्कार.

चुलीत टाकलंत तर टाकलंत. मी प्रत्येक पत्राची नक्कल वहीत उतरवून ठेवते. तुमचं शेवटचंही ठेवलं आहे.

दोन वर्षांत लोक विसरतील, असं भाऊजी म्हणतात. लोक काय विसरतील? तिच्या घरात बाळाचा पाळणा हलला की म्हणतील, दिवा फोडणारीच्या घरी पाळणा. एखादं जनावर मेलं की तिच्यामुळे. पाऊस चुकला की तिच्यामुळे. तुम्ही याच गावात चाळीस वर्षं काढलीत, तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या घरी मार्गशीर्षाचे गुरुवार असतात. शेवटचा १८ तारखेला. उद्यापनाला वीस-पंचवीस बाया येतील, चंदाबाईसुद्धा. लक्ष्मी मांडलेली असेल. तिच्यासमोर तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला माहीत आहे. गप बसाल की काय, एवढीच मला शंका आहे.

तुम्ही गप बसलात, तर पुढच्या आठवड्यात मी येईन. ओसरीवर बसून वहीतलं एकेक पत्र मोठ्यानं वाचेन. माझीही त्यात शोभा नाही. तरी वाचेन.

शीला


फुलसावंगी
२९ डिसेंबर २०२५

शीला,

आधी हे लिहिते, की तुझ्या धमकीनं बोलली नाही. तू आली असती तर मी कुत्रं सोडलं असतं.

१८ तारखेले बाया आल्या. पूजा झाली, कहाणी वाचून झाली. घरातली पोर प्रेरणा वाण वाटून राह्यली होती, तिले म्हटलं, जरा थांब. उभी राहिली. म्हटलं, ‘बायांनो, आमच्या निशिगंधानं दिवा आपटला नाही. मी खोटं सांगतलं होतं.’

मंग तुलेही जे सांगतलं नाही तेही सांगतलं. आता तूही वाच, तुझ्या वहीत उतरव. त्या सांजेले कंदिलावर जाळी नव्हती, ती मीच काढली होती. मी खाली वाकून वासराचं दावं बांधत होती. ढवळ्या बैलानं मान झटकली, शिंग खुंटीले लागलं अन् कंदील सुटला. माझ्या डोक्यावरच येत होता. पोरीनं हात मधात घातला. झेलला तिनं. काच तिच्या मुठीत फुटली अन् माझ्या अंगावर फक्त तिचं रक्त पडलं. अन् दहा मिनिटांनी त्याच पोरीवर मी नाव घातलं. ती ऐकत उभी होती. हाताले माझाच पदर गुंडाळलेला.

चंदाबाई म्हणाली, ‘मंग दोन महिने काहून गप होत्या वं तानाबाई?’

‘लाज वाटत होती.’

‘अन् पोरीले जे म्हटलं गावानं, ते?’

दोघीजणी वाण न घेता उठून गेल्या. त्यातली एक माझ्या लेकीची सासू, सख्खी विहीण. जाताना म्हणाली, ‘लक्ष्मीसमोर बोलल्या म्हणून बरं, नाही तर तुमच्या घरचं पाणी बंदच होतं.’ आता यातून जे दिवस येतील ते मी पाहीन. तुले हेच पाहायचं होतं ना? घे पाहून.

दुसऱ्या दिवशी ऋतिकले घेऊन झरीले गेली. तुझ्या दादानं बसायले सतरंजी टाकली, पण तासभर पाणी विचारलं नाही. विचारायलेही नको होतं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, ‘आई, मी येते. पण गोठ्यात नाही जाणार. माहीत नाही कधी जाईन.’ मी म्हटलं, ‘नको जाऊ.’ ती म्हणाली, ‘अन् कोणी विचारलं तर तुम्ही सांगायचं, मी नाही.’ व्हय म्हटलं. तुझ्या घराण्याच्या पोरी भारी अटी घालतात.

तुझी नवी जाळी बसवली. दोन बोटं जातात. खीळ फार घट्ट आहे, माझं नख तुटलं. चंदाबाईलेही एक पाहिजे, तिच्यावाली थोडी सैल करून पाठव. माझ्यावालीचं मी पाहून घेईन, तुझ्याकडं परत पाठवणार नाही.

आपलं बोलणं सुरू झालं असं समजू नको. जाळी मी डाव करून काढली असं तू लिहिलं, ते मी विसरली नाही. संक्रांतीले येऊ नको.

निशिगंधाची दोन बोटं अजून मिटत नाहीत. भाकरी मी थापतो. ती चुलीजवळ पाटावर बसते अन् सांगते, ‘आई, इकडून जाड राहिली.’ चाळीस वर्षांत माझ्या भाकरीले कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी परत थापतो.

तानाबाई